मोटारवाल्या काकाजींचा फरक

माणसाला जन्मभर पुरायला एक शब्द पुष्कळ झाला, हे मी मोटारवाल्या काकाजींकडे पाहून शिकले. बाकीची मराठी त्यांना येत नव्हती असं नाही. भाजीवालीशी, वीज गेली की लाइनमनशी आणि सैपाकघरात शिरलेल्या बोक्याशी ते भरभरून बोलत. पण त्या सगळ्या बोलण्याच्या तळाशी एकच शब्द असे, आणि तो म्हणजे 'फरक'. सकाळी अंगणात येऊन आभाळाकडे पाहत आणि म्हणत, "फरक हाये." नळाचं पाणी ओंजळीत घेत, हुंगत, "फरक हाये." नाचणगावात आमच्या घरासमोर त्यांचं घर. मी पाळण्यात असल्यापासून ते मला रोज पाहत आले, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे रोज सकाळी पाळण्यात वाकून त्यांनी हाच निकाल दिला. त्यामुळे मी वाढले यात मला कधी शंका वाटली नाही.

ते आमच्या नात्यातले नव्हेत. विहिरींवरच्या जळलेल्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या आणि ते त्यांत तांब्याची नवी तार भरून द्यायचे. आसपासच्या खेड्यांत त्यांना नावानं कोणी ओळखत नाही, मोटारवाले म्हटलं की लहान मूलही घर दाखवतं. माझ्या बाबांची पिठाची चक्की. एका पावसाळ्यात चक्कीची मोटार जळली, काकाजींनी ती भरून दिली, आणि तेव्हापासून ती मोटार जणू त्यांची सासरी दिलेली लेक झाली. रोज संध्याकाळी तिला पाहायला येत. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तिच्यावर हात ठेवून थोडा वेळ डोळे मिटत. मग बाबांकडे वळून म्हणत, "कालच्यापेक्षा गरम हाये. फरक हाये." पुढे नजर अधू झाली, तार दिसेनाशी झाली, आणि त्यांनी दुकान बंद केलं. पण आमच्या मोटारीची भेट चुकली नाही.

कॉलेजच्या ग्रंथालयात मी एकदा शब्दकोशात हा शब्द काढून पाहिला होता. भेद, अंतर, तफावत असे अर्थ दिले होते. मला वाटलं, कोश लिहिणारे कधी आमच्या गल्लीत राहायला आले नसावेत. आमच्याकडे आजाऱ्याला पाहून आलेल्या माणसाला विचारतात, कसं काय आता? तो म्हणतो, फरक हाये. म्हणजे बरं आहे, उतार पडला आहे. माहेरून आलेली सून जरा तोऱ्यात बोलली तर सासू शेजारणीला सांगते, फरक पडला. म्हणजे बिघडलं. शाळेतल्या गुरुजींना पगाराची मागची थकलेली रक्कम मिळते, तिलाही फरकच म्हणतात. काकाजींनी एकदा एका गुरुजींच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करताना "काही फरक?" असं विचारलं, तेव्हा गुरुजी उसासा टाकून म्हणाले होते, "अजून निघाला नाही. फाइल नागपूरला आहे." गुडघ्याची फाइल नागपूरला कशी गेली, याचा काकाजी दोन दिवस विचार करत होते.

लग्नाच्या जेवणात ते पहिल्या पंगतीला बसत आणि शेवटच्या पंगतीला पुन्हा बसत. खाण्याचा हव्यास नव्हता. दोन घासांपलीकडे त्यांचं जेवण जात नसे. पहिल्या पंगतीतल्या आणि शेवटच्या पंगतीतल्या वरणात किती पाणी वाढलं, एवढंच त्यांना पाहायचं असे. वाढणारा पोरगा म्हणे, "काकाजी, तुम्ही तं मघाशी जेवले." त्यावर ते शांतपणे म्हणत, "जेवलो ना बाप्पा. पण थे वरण येगळं होतं." आणि जाताना मुलीच्या बापाला गाठून, तो रडत असला तरी, निकाल सांगूनच जात.

एकदा शेजारच्यांनी मुलगी पाहायला जाताना मोठं माणूस म्हणून त्यांना सोबत नेलं. मुलगी समोर येऊन बसली. काकाजींनी फोटो डोळ्यांजवळ धरला, मुलीकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "फरक हाये." मुलीच्या आईचा चेहरा उतरला. त्यांनी वाक्य पुरं करेपर्यंत चहाचा ट्रे अर्ध्यातून परत आत गेला होता. ते पुढे म्हणाले, "फोटोत पोरगी घाबरली वाटते. इथं बसली तं तशी नाई वाटत. फोटो बदला." लग्न जमलं. ती बाई आता दोन मुलांची आई आहे, पण काकाजी रस्त्यात दिसले की पदर सावरून मुद्दाम विचारते, "आता किती फरक पडला, काकाजी?" आणि काकाजी थांबतात, तिला खरंच निरखून पाहतात, आणि विचार करून उत्तर देतात.

रेशनच्या दुकानात अंगठा लावायचं मशीन आलं तेव्हा तर त्यांचा विजयच झाला. आयुष्यभर तार ओढून बोटांच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या. मशीन काही केल्या त्यांना ओळखेना. दुकानदार थट्टेनं म्हणाला, "काकाजी, मशीन म्हणते का तुम्ही तुम्ही नाई." लोक हसले. काकाजींनी अंगठा धोतराला पुसला आणि म्हणाले, "बरोबर म्हणते. ज्यानं अंगठा देला होता थो माणूस येगळा होता. त्याले दिसत होतं." त्यांना धान्य सुनेच्या अंगठ्यावर मिळू लागलं.

एवढ्या शांत माणसाला एकाच गोष्टीचा राग येत असे. कोणी खांदे उडवून "काय फरक पडते" असं म्हटलं की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. हा त्यांच्या शब्दाचा अपमान होता. आणि दैव असं की त्यांचा एकुलता एक मित्र, म्हणजे माझे बाबा, दिवसातून कितीतरी वेळा तेच म्हणत. बाजाराच्या दिवशी बाबा उलटा सदरा घालून चक्कीवर बसले होते. काकाजींनी दाखवून दिलं. बाबा म्हणाले, "काय फरक पडते, मोटारवाले. पीठ दोन्हीकून लागते." काकाजी म्हणाले, "चक्कीवाले, लोकाईले वाटते ना, का माणूस उलटा झाला." बाबांनी डावा-उजवा दोन्ही खांदे उडवले आणि गव्हाचं पोतं चक्कीच्या तोंडात ओतलं. असं भांडण रोज चाले आणि रोज चहावर मिटे. माझं बारावीनंतर वर्ध्याच्या कॉलेजात नाव घालायचं ठरलं तेव्हा आमच्या घराण्यात आजवर कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. पोरीला रोज आगगाडीनं कशाला पाठवता, असं सगळे म्हणत होते. बाबांनी तेव्हाही खांदे उडवले. "जाऊ द्या. काय फरक पडते." माझं शिक्षण बाबांच्या त्या एका बेफिकिरीवर सुरू झालं. काकाजी मात्र तेव्हा रागावले नाहीत. ते म्हणाले, "पडते ना. पाह्यजा तुम्ही."

मी शेवटच्या वर्षाला होते. दिवाळी नुकतीच झाली होती, बाजाराचा दिवस होता आणि चक्कीवर बाया रांग लावून बसल्या होत्या. मी कॉलेजात होते. पुढचं आई सांगते ते असं. एक बाई म्हणाली, "चक्कीवाले, पीठ सांडून राह्यलं ना." बाबा पोत्यावर बसले होते आणि सांडणाऱ्या पिठाकडे नुसते पाहत होते. वरचा गहू संपला, जातं रिकामं फिरू लागलं, दगडावर दगड घासून जळका वास सुटला, तरी बाबा उठले नाहीत. तेवढ्यात काकाजी, बाजाराचा दिवस म्हणून दुपारीच, मोटारीला भेटायला आले. त्यांनी आधी बटण बंद केलं. मग बाबांच्या तोंडाजवळ डोळे नेऊन पाहिलं. ओठाची एक कड खाली आली होती. काकाजी म्हणाले, "फरक हाये," आणि मग रस्त्यावर जाऊन मोठ्यानं ऑटो, ऑटो असं ओरडत राहिले.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात बाबा बरेच दिवस होते. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, एवढं सगळं एका दुपारी गेलं होतं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी मला बाजूला नेऊन सांगितलं की जे काही परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येतं. व्यायाम सोडू नका, आणि फार आशाही ठेवू नका. ही दोन्ही कामं एकाच वेळी कशी करायची ते मला अजून जमलेलं नाही.

बाबांना घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी समुद्रपूरहून मोठे बाबा आले. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी भावाच्या पायावरून हात फिरवला आणि मग ते आईला म्हणाले, "चक्की बंद राह्यली तं गिऱ्हाईक दुसऱ्या चक्कीवर जाते. एकदा गेलं का येत नाई. पोरीनं आता घरी बसाव अन् चक्की पाहाव. दुसरं कोण हाये?" आई खाली पाहत होती. मीही खालीच पाहत होते. मला भाऊ नाही. ते म्हणाले त्यात चूक काय होती, हे मला तेव्हाही दाखवता आलं नसतं. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "होळीपावतर पाहू. तोवर ह्याले फरक पडला तं ठीक, हा आपला धंदा पाहीन. नाई पडला तं कॉलेज बंद." होळी परीक्षेच्या आधी येत होती. कोपऱ्यात बसलेले काकाजी म्हणाले, "तोवर चक्कीवर मी बसतो." मोठ्या बाबांनी त्यांच्या जाड चष्म्याकडे पाहिलं.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आजाऱ्याच्या घरच्यांनी आपल्या माणसाला बरं आहे असं तोंडानं म्हणायचं नसतं. म्हटलं की उलटतं, असं सगळे मानतात. आईनं कितीही मनातून वाटलं तरी ते बोलून दाखवलं नसतं. वाईट म्हणायचं तर त्याहून नको. म्हणून भेटायला येणारा घरच्यांना विचारतच नाही. घरात रोज येणाऱ्या एखाद्या परक्या माणसाला विचारतो. "तुम्ही रोज पाहता, तुम्हीच सांगा." तो जे म्हणेल ते खरं धरायचं, त्यावर घरच्यांनी बोलायचं नाही. आमच्या घरी हा मान काकाजींकडे गेला. मी कॉलेजात राहणार की चक्कीवर बसणार, ते आता त्यांच्या एका शब्दावर होतं, आणि तो शब्द त्यांच्या तोंडात आधीपासूनच होता.

ते रोज सकाळी येत. बाबांच्या खाटेच्या उजव्या बाजूला एक स्टूल ओढून बसत. डावी बाजू धडधाकट होती, म्हणून तिच्याकडे ते पाहतही नसत. उजवीकडे मात्र त्यांचं बारीक लक्ष. तांब्याच्या तारेचा तुकडा बाबांच्या तळव्यावरून फिरवत आणि अंगठ्यावर जवळजवळ नाक टेकवून पाहत. एक दिवस म्हणाले, "आज कपाळावर माशी बसली. काल बसली होती तं काईच नाई. आज भुवई हालली." आई म्हणाली, "थे डाव्या भुवईनं ओढली असन, काकाजी."

"ओढली ना? मंग काल काऊन नाई ओढली?"

दुसऱ्या दिवशी उचकी मोठी आली होती. तिसऱ्या दिवशी उजव्या कानाची पाळी ऊबदार होती. एकदा त्यांनी उजव्या हाताची सावली भिंतीवर पाहिली आणि ती कालच्यापेक्षा सरळ आहे असं सांगितलं. मी म्हटलं, "काकाजी, काल खिडकी अर्धी लावली होती." ते म्हणाले, "तू अभ्यास कर." भेटायला येणारे विचारत, काकाजी सांगत, आणि गावभर होई की चक्कीवाल्याला फरक आहे.

चक्कीवर त्यांनी जे केलं त्याला दळण म्हणणं कठीण. सकाळी गाडीच्या आधी मी थोडं दळून जात असे. उरलेला दिवस त्यांचा. चष्म्यावर पीठ बसलं की त्यांना काहीच दिसेना. मग डबे आवाजावरून ओळखत. बायांनी गप्प राहून डबा ठेवला तर तो कुणाच्याही घरी जाई. एक दिवस एक बाई परत आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काकाजी, म्या गहू देला होता. पोळी ज्वारीवानी लागून राह्यली."

"फरक हाये का?"

"हाये ना."

"मंग चांगलं हाये. जीभ शाबूत हाये तुयी."

बाया हसल्या, पण चक्की सोडून गेल्या नाहीत. हळूहळू त्या आपलं आपण ओतायला, आपलं आपण दळायला शिकल्या. काकाजी नुसते पोत्यावर बसून असत, एक हात मोटारीवर. संध्याकाळी पांढरेफटक होऊन ते आमच्या अंगणात उभे राहत आणि आईला चक्कीची किल्ली देत. आई म्हणे, "बसा, चहा ठेवते." ते म्हणत, "त्याचे पाय चोळले का आज? चोळजो." आणि जात.

होळीला मोठे बाबा साखरेच्या गाठ्या घेऊन आले. बाबांच्या गळ्यात त्यांनी स्वतः गाठी घातली, लहान पोराला घालतात तशी. मग खुर्ची ओढून समोर बसले आणि काकाजींकडे वळले. "सांगा. तुम्ही रोज पाहता."

"फरक हाये," काकाजी म्हणाले. "हात धरते आता. दाखवतो." त्यांनी आपलं बोट बाबांच्या उजव्या तळहातात ठेवलं, वर चादर ओढली आणि म्हणाले, "धरा, चक्कीवाले." चादरीखाली बाबांची बोटं हळूहळू मिटली. मी दारात उभी होते. काकाजींचा दुसरा हात चादरीच्या खालच्या बाजूनं आत गेलेला मला दिसला. बाबांची बोटं तो हात दाबत होता. मोटारीत तार बसवताना दाबत असतील तसा, हळू आणि नेमका. मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते. त्यांचा डावा खांदा किंचित वर गेला आणि खाली आला. ते खांदा उडवणं होतं की नुसती हालचाल होती, ते मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही. मोठे बाबा चादरीकडे खूप वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "फरक तं हाये." आणि उठून तोंड धुवायला मोरीकडे गेले. जाताना आईला म्हणाले, "उन्हाळा येऊ द्या. मंग पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी चक्कीवर मी काकाजींना विचारलं. विचारावं की नाही, हे मला रात्रभर कळत नव्हतं.

"काकाजी, बाबांचा हात तुम्हीच दाबला ना?"

ते जात्यातलं पीठ कुंच्यानं झाडत होते. "तू कुठं उभी होती वं?"

"दारात."

"दारातून नीट नाई दिसत."

"मले दिसलं."

त्यांनी कुंचा ठेवला, चष्मा काढला, तो सदऱ्याला पुसला. सदरा पिठाचा, त्यामुळे चष्मा आणखी पांढरा झाला. तसाच डोळ्यांवर चढवून म्हणाले, "गाडीचा टाइम झाला तुया. जाजो."

मी गेले. पुलगावच्या स्टेशनापर्यंत सायकल चालवताना मला त्यांचा राग येत होता. माझ्या बाबांच्या मेलेल्या हाताचा कोणी असा उपयोग करावा, आणि तो माझ्यासाठी करावा, हे मला सहन होत नव्हतं. पण मी गाडी सोडली नाही. आणि खरं सांगायचं तर, संध्याकाळी घरी आल्यावर काकाजी अंगणात असले की माझे कान त्या शब्दाकडे लागलेलेच असत. दाबलेला हात पाहूनही मला वाटे, आज कदाचित खरंच काही असेल. ते म्हणत, "आज पापणी लवकर मिटली," आणि मी आत जाऊन बाबांच्या पापणीकडे पाहत बसे. आईलाही तसंच पाहताना मी पकडलं आहे. मी, आई आणि काकाजी, आम्ही तिघंही एकमेकांशी त्याबद्दल काही बोलत नव्हतो.

परीक्षा ऐन उन्हात झाली. पेपर लिहिताना घामानं कागद हाताला चिकटे. शेवटच्या पेपरच्या दिवशी दुपारच्या गाडीनं मी घरी आले तर अंगणात मोठ्या बाबांच्या चपला होत्या. आत ते दुपट्ट्यानं मान पुसत बसले होते. काकाजी खाटेच्या उजव्या बाजूला आपल्या स्टुलावर होते. मी आल्याचं पाहून मोठ्या बाबांनी विचारलं, "झाले सारे पेपर?" मी मान हलवली. मग त्यांनी रीतीप्रमाणे तोंड फिरवलं. "काय म्हणता, मोटारवाले? तुम्ही रोज पाहता."

काकाजींनी बाबांचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, उलटा केला, सुलटा केला, परत चादरीवर नीट ठेवला.

"नाई," ते म्हणाले. "काईच फरक नाई."

मला वाटलं, त्यांना पुढे काही म्हणायचं आहे, मुलीच्या आईसमोर फोटो धरून म्हणाले होते तसं. पण पुढे एवढंच आलं, "दिवाळीत होता तसाच हाये. म्या रोज पाह्यलं. पहिल्या दिवसापासून काईच नाई."

आईच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं खाली ठेवला आणि भिंतीला टेकून रडू लागली. दवाखान्यात ती रडली नव्हती, घरी आणल्यावर रडली नव्हती. रोज घरात फरक असताना रडायचं कसं, हा तिला प्रश्न पडला असेल. मी तिच्याजवळ जाऊन बसले. बाबा सगळं ऐकत होते. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि उजव्यातूनही आलं. ते काकाजींनी पाहिलं, आणि निकालात धरलं नाही.

संध्याकाळी मी मोठ्या बाबांना बसस्टँडवर सोडायला गेले. बस यायला वेळ होता. ते म्हणाले, "मले काय होळीले दिसलं नव्हतं का वं? म्या जन्मभर बैल घेतले अन् विकले. हात दाबला का धरला, एवढं समजते मले."

"मंग तेव्हाच बोलले काऊन नाई?"

"काय बोलू?" ते रस्त्याकडे पाहत म्हणाले. "बाहेरचा माणूस म्हणते फरक हाये. अन् सख्ख्या भावानं म्हणाव, नाई?" बस आली. पायरीवर चढून ते वळले आणि म्हणाले, "आता चक्की पाह्य, माय." मी म्हटलं, "पाहते."

मी बी. ए. झाले. आमच्या घरातली पहिली. निकाल लागला तेव्हा मी चक्कीवरच होते आणि हात पिठाचे होते म्हणून मोबाइल शेजारच्या बाईला धरायला लावून गुण वाचले. पुढे एम. ए. बाहेरून करता येतं म्हणतात. करेन असं वाटतं. लगेच होईल असं म्हणायची हिंमत होत नाही. बाबा तसेच आहेत. डॉक्टर आता व्यायामाचं विचारतात, आशेचं विचारत नाहीत.

काकाजींनी मात्र त्या दिवसापासून तो शब्द टाकला. सुरुवातीला मला वाटलं, योगायोग असेल. पण नाही. कोणी मुद्दाम खेचायला जातं, "काकाजी, आज हवेत फरक वाटते नाई?" तर ते म्हणतात, "असन." मोटारीवर हात ठेवतात, डोळे मिटतात, आणि काही न बोलता हात काढून घेतात. लग्नात एकाच पंगतीला बसतात. गावातली माणसं म्हणतात, म्हातारा थकला. मला तसं वाटत नाही. इतके महिने त्यांनी जे रोज पाहिलं आणि रोज उलटं सांगितलं, ते सांगायला त्यांना आपल्याजवळचा एकुलता शब्द खर्चावा लागला, असं मला वाटतं. मी हे त्यांना कधी बोललेले नाही. आभार मानायला जावं तर ते चष्मा पुसायला घेतात.

ते अजून रोज येतात. सकाळी नाही, उन्हं उतरल्यावर. तांब्याची तार आणत नाहीत. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आपलं स्टूल उचललं आणि खाटेला वळसा घालून डाव्या बाजूला नेऊन ठेवलं. इतके दिवस त्या बाजूला ते कधी बसलेच नव्हते. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं. आता ते बसले की बाबा आपला चांगला हात पुढे करतात आणि काकाजींचा हात धरतात. ते गावातल्या गोष्टी सांगतात, कोणाची म्हैस व्याली, कोणाची मोटार जळली. अंधार पडायला लागला की समोरच्या घरातून सून हाक मारते. काकाजी "आलो" म्हणतात आणि बसून राहतात, कारण बाबांनी हात धरलेला असतो, घट्ट, आणि तो सोडवून घेणं त्यांना जमत नाही.